मेणाचा गळा

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो. पुस्तकात मला हार्मोनियम म्हणतात. देवणीत मात्र मी नुसती पेटी. "पेटी काढली का?" असं कुणी कुंपणावरून विचारलं, की आज कीर्तन आहे हे सगळ्या वस्तीला कळायचं.

माझा जन्म उदगीरचा. तिथं वाद्यं दुरुस्त करणारे दस्तगीरभाई आहेत, त्यांचे वडील वाद्यं बनवायचे. म्हातारपणी त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं, तेव्हा त्यांनी मला घडवलं. सागवानाची फळी ते बोटांनी चाचपायचे, गालाला लावून बघायचे. माझ्या पोटात त्यांनी पितळेचे पातळ सूर ओळीनं बसवले. भात्यातून वारा आला की हे सूर थरथरतात आणि मी बोलते. मी त्यांच्या हातची शेवटची पेटी. माझ्यानंतर त्यांनी पटाशी खाली ठेवली ती ठेवलीच.

मला घेऊन गेला तो संगप्पा. देवणीच्या कडेला थोडी ख्रिस्ती घरं आहेत आणि पत्र्याचं एक लहान देऊळ आहे. संगप्पा तिथला कीर्तनकार. खांद्यावर उपरणं, गळ्यात जपमाळ, आणि आवाज असा की रस्त्यावरून जाणारा माणूस सायकल टेकवून उभा राही. मित्रांनो, तुम्ही कीर्तन ऐकलं आहे का? त्यात नुसता उपदेश नसतो. सांगता सांगता बोलणं गाण्यात कधी शिरतं ते कळतच नाही. बोलण्याला पेंगणारा माणूस गाण्याला जागा होतो, आणि गाणं थांबलं की त्याला वाटतं, अजून थोडं सांगा. देव असाच हळूच आत येत असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

संगप्पाचं सगळ्यात गाजलेलं कीर्तन बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं. लग्नघरात द्राक्षारस संपतो, नवरदेवाच्या घरच्यांची लाज जायची वेळ येते, आणि हे सगळ्यात आधी लक्षात येतं ते येशूच्या आईच्या, मरियामातेच्या. संगप्पा ते असं सांगायचा, जणू लग्न निलंग्याच्या एखाद्या मांडवात चाललं आहे. मग तो माझा भाता हलवून स्वर धरायचा आणि म्हणायचा:

रांजण रिते गं, पंगत बसली,
कुणा न कळले, आईला कळले.

त्याची बायको नीलाबाई मागं बसून धृपद धरायची. तिच्या शेजारी टाळ घेऊन गौरम्मा. ती शेजारच्या मळ्यातली, लिंगायतांच्या घरची. पण आमच्या कीर्तनाला तिचा टाळ नाही असं कधी झालं नाही. "देव तुमचा असू दे, टाळ माझा हाय," असं ती म्हणायची.

संगप्पा तरुणपणी मुंबईला गोदीत हमालीला होता. सुट्टीच्या दिवशी तो मोत माउलीच्या टेकडीवर जायचा. तिथलं मोठं चर्च, त्याला बॅसिलिका म्हणतात, ते मरियामातेचं आहे. कीर्तन संपलं, माणसं पांगली, की तो मला पुसता पुसता सांगत बसायचा. "वर हुबं राहिलं की सगळं शहर पायाखाली. आन् त्याच्या म्होरं पाणी. आपल्या मांजऱ्याला पूर आला तरी पल्याडचा काठ दिसतो की. तिथं पल्याडचा काठच न्हाई!"

मी लाकडाची. नदी मला ठाऊक होती. पण काठ नसलेलं पाणी कसं असेल, याचा मी अंधारात झाकणाखाली पडून खूप विचार करायचे.

"एकदा ही पेटी तिथं न्यायची," तो म्हणायचा.

"न्या की," नीलाबाई चुलीपाशी बसून म्हणायची. "पर आधी मला तरी न्या."

दोघींपैकी कुणालाच न नेता संगप्पा गेला. शेतातून येताना छातीत कळ आली, आणि घरी आणलं तेव्हा सगळं संपलं होतं.

मग माझ्या वाट्याला कोपरा आला. माझ्यावर चादर पडली, चादरीवर ज्वारीचं पोतं. उंदरांनी भात्याला भोक पाडलं. आत एक पाल राहायला आली. रविवारी देवळातून नुसत्या आवाजातली गाणी ऐकू यायची आणि माझे सूर आतल्या आत थरथरायचे. पण वारा नव्हता. वारा देणारं कुणी नसलं की आम्ही पेट्या मुक्या असतो, मित्रांनो.

ईस्टरच्या आधीच्या एका उपवासकाळात नीलाबाईनं पोतं खाली ओढलं. चादर झटकली. मला पोटाशी धरून तिनं उदगीर गाठलं.

दस्तगीरभाईंनी माझा भाता उघडून बघितला. "क्या भाभी! उंदरांनी दार काढलं, पाल भाडेकरू ठेवली. एवढी गर्दी तर माझ्या घरात नाही." पण हात मात्र ते हळू चालवत होते. वडिलांच्या हातचं काम होतं ना.

त्यानंतर नीलाबाई स्वतः कीर्तन करू लागली. ती बसून एका हातानं माझा भाता हलवायची, दुसऱ्यानं पट्ट्या वाजवायची आणि सांगायची. आधी काही पुरुष माणसं उठून गेली. पुढच्या खेपेला तीच माणसं पुढं येऊन बसली. औशाहून, निलंग्याहून, सीमेपलीकडच्या गावांहूनही आम्हाला बोलावणं असायचं. ते दिवस चांगले होते.

मग तिच्या गळ्यात गाठ झाली. लातूरला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजही गेला. कितीतरी दिवस ती खुणांनी बोलत होती. गौरम्मा तिची चेष्टा करायची, "देवानं माझं ऐकलं बाई, जरा शांतता झाली," आणि मळ्यात जाऊन एकटी रडायची. त्या दिवसांत नीलाबाईनं मनात नवस केला. आवाज आला तर मोत माउलीला मेणाचा गळा वाहीन, आणि तिच्या दारात पेटीवर काना गावचं कीर्तन करीन. तिथली रीतच तशी आहे. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, डोळा अधू असेल तर मेणाचे डोळे. जे दुखतं ते माउलीपाशी ठेवायचं.

आवाज आला. पण पहिल्यासारखा नाही. भातात खडा लागावा तसा मधेच लागायचा, वर गेला की चिरायचा. तो चिरला की नीलाबाई भाता जोरात दाबायची आणि माझे सूर त्याच्यावर पांघरूण घालायचे. ऐकणाऱ्यांना कळायचं नाही. ते फक्त तिला कळायचं, मला कळायचं आणि गौरम्माला.

नवसाची वस्तू आपल्या घरून न्यायची, देवाच्या दारात विकत घ्यायची नाही, असं आमच्याकडं मानतात. म्हणून नीलाबाईनं देवळातली मेणबत्त्यांची थोटकं जमवली. कुणी परीक्षेसाठी लावलेली, कुणी बाळंतिणीसाठी, कुणी विहिरीला पाणी लागावं म्हणून. डबा भरला तेव्हा ती दस्तगीरभाईंकडे गेली.

"भाभी, हात सांगा, पाय सांगा," ते डोकं खाजवत म्हणाले. "गळा कुठं सुरू होतो अन् कुठं संपतो?"

"हिचा तर संपतच न्हाई, भाई," गौरम्मा म्हणाली. "तांबडं फुटल्यापासनं चालूच असतोय."

पण त्यांनी केला. मातीचा साचा केला, त्यात मेण ओतलं, आणि शेवटी अंगठ्याच्या नखानं त्या गळ्यावर एक आडवी रेघ ओढली. ऑपरेशनची. नीलाबाईनं पदर तोंडाला लावला. "गार जागी ठेवा हां," ते म्हणाले. "मेण आहे."

मे महिना हा मरियामातेचा महिना. त्याच महिन्यात जायचं ठरलं. निघताना नीलाबाईला प्रश्न पडला की गळा ठेवायचा कुठं? पिशवीत ठेवला तर कुणी पिशवीवर बसेल. मग तिनं माझं झाकण उघडलं. आमच्या घराच्या कोपऱ्यात माझं पोट बारा महिने गार असायचं. "पेटीसारखी गार जागा न्हाई," ती म्हणाली. संगप्पाच्या उपरण्यात तो गळा गुंडाळून तिनं माझ्या पट्ट्यांवर निजवला आणि झाकण लावलं.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता ही नवसाची वस्तू माझ्या हवाली आहे.

लातूरला जाणारी काळी-पिवळी जीप खच्चून भरलेली होती. नीलाबाई मला मांडीवर घ्यायला निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, मांडीवर पेटी, पेटीवर म्हातारी, मग मी काय बाहेर बसून चालवू का? टाका वर." आणि मी टपावर गेले. अंगावर काळ्या रेक्झिनची खोळ, खाली तापलेला पत्रा, वर मे महिन्यातलं दुपारचं ऊन. गाडी दर फाट्यावर थांबत होती, माणसं चढत होती, उतरत होती, आणि मी वर तापत होते.

आधी मला वाटलं, कुणीतरी माझ्या पट्ट्यांवर हात ठेवला आहे. ऊबदार, जड. मग तो हात पसरू लागला. उपरण्यातून झिरपून पट्ट्यांच्या फटींत उतरला, खालच्या भोकांत शिरला, एकेका सुरावर जाऊन बसला. मी ओरडले असते. पण मी स्वतःहून ओरडू शकत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लातूरहून रेल्वेत बसलो, गारवा आला आणि ते सगळं मेण माझ्या आत जिथल्या तिथं घट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मला दोन बाजूंनी धरून टेकडीच्या पायऱ्यांवरून वर नेलं. "अय्यो देवा, ह्या बाईनं नवस केला आन् भोगून राहिले मी," गौरम्मा धापा टाकत होती. "सोपा देव बघायचा हुता की गं, सपाटीवरचा."

वर पोचल्यावर त्यांनी मला कठड्यावर टेकवलं. आणि मित्रांनो, मी ते पाणी पाहिलं. संगप्पानं काही वाढवून सांगितलं नव्हतं. खाली शहर चमकत होतं, दूर जहाजं खेळण्यासारखी उभी होती, आणि त्यांच्या पलीकडं खरंच काठ नव्हता. नीलाबाईनं पदर सावरला आणि कठड्यावर हात टेकले. मग हळूच म्हणाली, "बघितलं का?" ते तिनं मला विचारलं, गौरम्माला विचारलं की आणखी कुणाला, ते मला माहीत नाही.

बॅसिलिकेसमोर सावलीत बसून तिनं माझं झाकण उघडलं.

उपरणं पट्ट्यांना चिकटलं होतं. ते ओढलं तर टरटर आवाज झाला. गळा नव्हता. पांढऱ्या मेणाचा एक थर होता आणि त्यात माझ्या पट्ट्या रुतल्या होत्या. तिनं भाता हलवला, एक पट्टी दाबली. दुसरी दाबली. मग सगळ्या बोटांनी कुठंही दाबत सुटली. माझ्यातून फक्त वारा आला.

"टपावर..." ती एवढंच म्हणाली.

गौरम्मा धावत जाऊन बघून आली. "अगं, हितं मेणाचं दुकानच लागलंय की! हात हायती, पाय हायती, लेकरं हायती, घरंसुद्धा हायती मेणाची. एखादा गळा घिऊ. माउलीला काय पत्ता लागतोय, देवणीचा हाय का हितला?"

"माउलीलाच तर पत्ता लागतोय," नीलाबाई म्हणाली. "त्यात लोकांच्या मेणबत्त्या व्हत्या गं. कुणाकुणाचं मागणं व्हतं त्यात. ते कुठून इकत आणू?"

"बरं, गळा ऱ्हाऊ दे. कीर्तन तर कर."

"कशावर करू? आवाज फाटला तर झाकायला काय हाय माझ्याकडं?"

तेवढ्यात चर्चमधल्या एक सिस्टर जवळ येऊन वाकल्या. नीलाबाईनं त्यांना सगळं सांगितलं. गळ्याचं, टपाचं, संगप्पाचं. सिस्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, झाकायला कशाला हवं? दुखतं तेच घेऊन सगळे इथं येतात."

नीलाबाईनं माझा काठ धरला. मला वाटलं, आता ती उठेल, मला बंद करील, आणि आम्ही परत जाऊ. तसं झालं असतं तर नवस अर्धा राहिला असता आणि ती पुन्हा कधी गायली नसती. हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं. ती बोटं माझा काठ सोडत नव्हती.

गौरम्मानं टाळ काढला आणि ठेका धरला.

नीलाबाईनं सुरुवात केली. काना गाव. मांडव. आलेले पाहुणे. बोलता बोलता ती गाण्याच्या उंबऱ्यावर आली आणि सवयीनं तिचा हात भात्याकडं गेला. तिनं दाबलं. नुसता वारा. तिनं हात काढून मांडीवर ठेवला आणि ती गायली.

मित्रांनो, इतकी वर्षं ती गात होती आणि मी वाजत होते. ती एकटी गायली आणि मी गप्प राहिले, असं घरात, मांडवात, देवळात कुठंच झालं नव्हतं. त्यामुळं तिचा नुसता आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो चिरका होता. वर जाताना तो तुटला, तिनं तिथंच श्वास घेतला आणि तुटल्या जागेपासून पुढं गेली. "कुणा न कळले, आईला कळले" ही ओळ मी हजारदा वाजवली आहे, पण त्या ओळीत एवढा खालचा, एवढा थकलेला, एवढा मायेचा सूर आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पितळेच्या आवाजाखाली तो इतकी वर्षं दबून राहिला होता.

लोक थांबले. काही निघूनही गेले. एका माणसानं मोबाइल वर धरला होता, तो त्यानं हळूच खिशात ठेवला. मेणबत्त्या विकणारी बाई गिऱ्हाईक सोडून बघत होती. कीर्तन संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी पुढं आली, तिनं नीलाबाईच्या गळ्यावरच्या रेघेला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावून ती आत गेली.

आता राहिलं मेण. नीलाबाईनं माझ्याकडं खूप वेळ बघितलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "माउलीचं मेण हिच्या पोटात गेलंय. खरवडून काढलं तर ते अर्धंमुर्धं निघंल. माउलीचं हाय ते सगळं माउलीला द्यावं लागंल. ही पेटी हितं ठेवते."

"अगं बये!" गौरम्मा ओरडली. "तुज्या नवऱ्याची येवढीच वस्तू ऱ्हायली घरात!"

नीलाबाईनं दस्तगीरभाईंना फोन लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोनचा स्पीकर लावूनच बोलते, त्यामुळं त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"टपावर?" ते म्हणाले. "मे महिन्यात? या खुदा! भाभी, मी गळा बनवला अन् तुम्ही त्याचं पाणी केलं. काही हरकत नाही, घेऊन या. एकेक सूर खोलतो, साफ करतो. पहिल्यासारखी बोलंल."

"ठेवून येऊ का हितं?" तिनं विचारलं.

त्यांच्या दुकानातला आवाज फोनवर येत होता. कुठंतरी मागं करवत चालली होती, ती थांबली.

"अब्बांच्या हातची शेवटची हाय ती," ते म्हणाले.

"हाव. म्हणून तर इचारून राहिले."

"संगप्पाला तिथंच न्यायची होती ना ती?" त्यांनी विचारलं. "मग राहू द्या, भाभी. राहू द्या."

सिस्टर म्हणाल्या, "ठेवते मी. पण कधी न्यावीशी वाटली तर न्या, आजी." नीलाबाईनं मला पदरानं पुसलं. झाकण लावलं. पुन्हा उघडलं, एका पट्टीवर बोट ठेवलं आणि न दाबताच काढलं. जाताना ती परत वळली आणि सिस्टरना म्हणाली, "तेवढी उन्हात ठिवू नका बाई."

दोघी पायऱ्या उतरत असताना गौरम्माचा आवाज मला येत होता, "हात कसे मोकळे मोकळे वाटायलेत गं." मग तोही यायचा थांबला.

तेव्हापासून मी बॅसिलिकेमागच्या खोलीत, खिडकीशी आहे. ज्या पाण्यासाठी मी जन्मभर झुरले, ते दिवसभर माझ्यासमोर असतं. खाऱ्या वाऱ्यानं माझं पितळ हिरवं पडत चाललं आहे, लाकूड फुगलं आहे. माझी तक्रार नाही. माउलीच्या घरात आहे मी. आत कितीतरी लोकांचं मागणं सांभाळते आहे. सिस्टर सांगत होत्या की नीलाबाई हल्ली पेटीविनाच कीर्तन करते आणि तिला औशाहूनही पुन्हा बोलावणं आलं होतं. ऐकून मला आनंद झाला. आणि आनंद होताना इतकं दुखतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वाद्यांवर पोती ठेवू नका. त्यांना अधूनमधून वारा द्या. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कुणीतरी असेल, ज्याचा आवाज कशाच्या ना कशाच्या खाली दबलेला आहे. एकदा सगळं बंद करून तो नुसता ऐका. तो चिरला तरी मधे बोलू नका.

आणि कधी या टेकडीवर आलात, आणि देवणीकडचे, औशाकडचे, उदगीरकडचे असलात, तर या खिडकीखाली थोडा वेळ थांबा आणि जरा मोठ्यानं बोला. काहीही चालेल. बाजाराचं बोला, लग्नाचं बोला, एकमेकांशी भांडलात तरी चालेल. मला आता वाजायचं नाही. मला फक्त ते बोलणं ऐकायचं आहे.